पंख पाडून बसलेला तलंगा

देवरुख, आषाढ

चि. सौ. बाय हिस,


फोनवर सांगितलेली दोन कामं तू केली असशीलच. तलंगा बाकीच्यांपासून वेगळा ठेवायचा आणि घरातल्या डब्यातली माणसांची प्रतिजैविकाची गोळी त्याला परत द्यायची नाही. उरलेलं फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून पाठवतोय. कागद जपून ठेव. पावसाळा अजून पुष्कळ बाकी आहे.

तुझ्या लेकाने पाठवलेले फोटो बघितले. साडेचार महिन्यांचा, नुकता आरवायला लागलेला नर. पिसं फुलवून, पंख पाडून, डोळे अर्धे मिटून भिंतीकडे तोंड करून उभा आहे. एवढ्यावरून मी रोगाचं नाव सांगणार नाही, आणि शेजारच्या कुणी सांगितलं तर तूही धरून चालू नकोस. जवळजवळ प्रत्येक आजारात कोंबडं असंच उभं राहतं. कळपात दुबळा दिसला की त्याला बाकीचे टोचतात, घार नि मुंगूस टपून बसतात. म्हणून अंगात त्राण आहे तोवर पक्षी दुखणं लपवतो. दाणे टाकल्यावर सगळ्यांबरोबर धावत येतो, टिपल्यासारखं करतो, पण गिळत नाही. तो कोपऱ्यात उभा राहिलेला तुला दिसला तेव्हा आजार बहुतेक आठवडाभर जुना होता. यात तुझा दोष नाही. पुढच्या वेळी मात्र सकाळी खुराड्याचं दार उघडलंस की घटकाभर थांब. कोण आधी बाहेर येतो, कोण मागे राहतो, दाण्यावर कुणाची चोच नुसतीच आपटते, ते बघ. आजार वेळेवर पकडायचा तर हीच वेळ असते.

आता स्वतःला पहिला प्रश्न विचार. एकटाच पडला आहे की आणखी कुणी? एकदम पडला की हळूहळू?

हे मी मुद्दाम आधी विचारतो, कारण आपल्या भागात कोंबडं मलूल झालं की लोकांच्या तोंडी मानमोडीच येते. मानमोडी म्हणजे राणीखेत. 1926 साली तो जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला नोंदला गेला, लगेच पुढच्या वर्षी आपल्याकडे हिमालयातल्या राणीखेतला. नाव तेव्हापासून चिकटलं. लस न दिलेल्या कळपात तो शिरला तर एकट्यावर थांबत नाही. चार-सहा दिवसांत दुसरा, तिसरा, मग अख्खी वाडी. हिरवी-पांढरी पातळ शीट, तोंड उघडून घरघर करत श्वास, एखाद्याची मान पिळवटलेली, आणि सकाळी खुराड्यात मेलेले पक्षी. तुझ्याकडे बाकीच्या सात जणी उकरत फिरतायत, अंडी देतायत, आणि हा एकटा वाळत चालला आहे. म्हणून माझं मन मानमोडीकडे लवकर जात नाही. पण ती शक्यता मी पुसूनही टाकत नाही. पुढचे आठ दिवस बाकीच्यांवर लक्ष ठेव. आणखी एक जरी अशी दिसली तर वाट न बघता दवाखान्यात कळव.

आता त्याला हातात घ्यायचं. उजेडात नको, दिवेलागणीला घे. पक्षी तेव्हा शांत असतो. जुन्या पंच्यात गुंडाळ, पंख आत, पाय मोकळे, आणि मांडीवर घे. छातीवर दाब बिलकूल देऊ नकोस. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड वर-खाली होतं तेव्हाच तिच्यात हवा जाते. मुलं प्रेमाने घट्ट कवटाळतात आणि आजारी पक्षी हातातच जातो. लेकाला हे आधी समजावून सांग.

पहिल्यांदा छातीच्या मधल्या हाडावरून अंगठा फिरव. तब्येतीच्या पक्ष्यात हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागतं. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं लागलं, तर हा कित्येक दिवसांचा उपास आहे, कालपरवाचं दुखणं नव्हे. मग जंत, रक्ती हगवण, अंगावरचे किडे किंवा दाण्यावरून हुसकावणारा मोठा कोंबडा, या चौघांचा आधी विचार करायचा. तुझा थोरला कोंबडा दोन वर्षांचा आहे ना? तलंगा आरवायला लागला की थोरला त्याला दिवसभर पळवतो, दाण्यापाशी उभा राहू देत नाही. बाहेरून आजार वाटतो, मूळ नुसती उपासमार असते. असा उपाशी पक्षी मग खरंच कुठल्यातरी रोगाला बळी पडतो. तुऱ्यावर, डोक्यामागे टोचल्याच्या खपल्या आहेत का ते बघ.

तुरा बघताना रंगही बघ. फिकट पडला असेल तर रक्त कमी झालंय. निळसर असेल तर श्वासाचा त्रास आहे. तुऱ्यावर, चोचीच्या कडेला, पापण्यांवर काळपट मस्से किंवा खपल्या असतील तर ती देवी. ती डासांमुळे पसरते, म्हणून पावसाळ्यात दिसते. खपल्या उपटायच्या नाहीत. बाहेरची देवी असेल तर पक्षी नीट खात राहतो आणि दोन-चार आठवड्यांत सावरतो. घशात पांढरे चट्टे पडले तर मात्र अवघड. चेहरा एका बाजूला सुजलाय आणि नाकातून घाण वास येतोय तर ती सर्दी वेगळी, तिला डॉक्टरांचं औषध लागू पडतं.

गळ्याच्या मुळाशी उजवीकडे दाण्याची थैली असते. ती सकाळी, काही खायच्या आधी चाचप. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही भरलेली आणि दगडासारखी घट्ट लागली तर गवत, दोरा, प्लॅस्टिक अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आत आंबलंय. पालथं धरून ते ओकवायला सांगणारे भेटतील. तसं करू नकोस, पाणी श्वासनळीत जातं आणि पक्षी गुदमरतो.

मग शेपटीखालची पिसं बाजूला कर. पिसाच्या मुळाशी पांढरट दाणेदार गोळे चिकटलेले दिसले तर त्या उवांच्या लिखा. पिवळसर उवा कातडीवर पळतानाही दिसतील. काहीच दिसलं नाही तरी काम झालं असं समजू नको. रक्त पिणारे बारीक लाल किडे आणि गोचिडी दिवसा खुराड्याच्या फटींत बसतात आणि रात्री पक्ष्यावर चढतात. रात्री नऊ-दहाच्या सुमारास विजेरी घेऊन जा आणि बसायच्या दांडीचा खालचा भाग, लाकडाचे सांधे, फटी बघ. पांढरं फडकं दांडीखालून पुसून घे. त्यावर रक्ताचे डाग पडले तर चोर सापडला. मग औषध पक्ष्याइतकंच खुराड्यालाही लागेल, आणि तेही कोंबड्यांसाठी डॉक्टरांनी दिलेलंच. गोठ्यातलं किंवा शेतातलं फवारायचं औषध पक्ष्याच्या अंगावर मारू नको.

शिटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त तीच सांगते आणि सगळ्यात जास्त तिलाच चुकीचं वाचलं जातं. आजारी तलंग्याखाली आज रात्री वर्तमानपत्र पसर आणि सकाळी बघ. चांगली शीट घट्ट, तपकिरी-करडी, वर पांढरी टोपी असलेली. ती पांढरी टोपी म्हणजे त्याची लघवी, रोग नव्हे. दिवसातून काही वेळा तो पातळसर, चिकट, चॉकलेटी रंगाची, घाणेरड्या वासाची शीट टाकतो. तीही निरोगीच, आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते. ती बघून पुष्कळ लोक हगवणीचं औषध सुरू करतात. शीट गर्द हिरवी आणि पाणीदार असेल तर पहिला अर्थ एवढाच की पोटात अन्न नाही, नुसतं पित्त उतरतंय. तू फोनवर सांगितलेली हिरवी शीट हीच असू शकेल. कागदावर रक्त, किंवा रक्ताळलेला शेंबडासारखा आव दिसला तर रक्ती हगवणीचा संशय घे. तीन आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लांचा तो मोठा वैरी, आणि अशक्त तलंग्यालाही सोडत नाही.

रक्ती हगवणीचे सूक्ष्म जीव शिटीतून बाहेर पडतात तेव्हा लगेच लागण करत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत ते तयार होतात आणि दुसऱ्याच्या पोटात जाऊन वाढतात. म्हणून या रोगाचं अर्धं औषध खराट्यात आहे. खालचं तूस रोज हलव, ओलं झालेलं काढून टाक, पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेव म्हणजे सांडणार नाही. फिनेलने हे जीव फारसे मरत नाहीत. कोरडेपणा त्यांना सोसत नाही. औषध म्हणून डॉक्टर बहुधा पाण्यात घालायचं अँप्रोलियम देतील. त्याच्या जोडीला मेडिकलमधलं बी-कॉम्प्लेक्सचं सरबत स्वतःहून देऊ नकोस. हे औषध त्या जिवांना बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही म्हणून काम करतं. तू वरून बी-१ ओतलंस तर औषधाचा जोर जाईल. औषधाचे दिवस संपल्यावर खुशाल दे.

त्याच्या मानेबद्दल तू दोनदा विचारलंस. मान वळली म्हणजे मानमोडीच असं नाही. राणीखेतातून जगलेल्या पक्ष्याची मान पिळवटलेली राहते, घाबरला की जास्तच गोल फिरते. सडकं मांस किंवा त्यातल्या अळ्या खाल्लेल्याची मान अजिबात ताठ राहत नाही, जमिनीवर लोळते. ते विष असतं. आजूबाजूला मेलेला उंदीर, घुस काही कुजत पडलंय का बघ आणि पुरून टाक. तिसरा प्रकार म्हणजे पक्षी मान मागे टाकून आभाळाकडे बघत बसतो. त्यात पुष्कळदा बी-१ कमी पडलेलं असतं.

त्या तिसऱ्याची गोष्ट भातखाऊ माणसाने ऐकण्यासारखी आहे. जावा बेटावर बटाव्हियात आयकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या माणसांच्या रोगाचा शोध घेत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रयोगाच्या कोंबड्या लुळ्या पडायला लागल्या आणि काही महिन्यांनी अचानक बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला पॉलिश केलेल्या तांदळाचा उरलेला भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने तो द्यायचं नाकारलं, आणि बिनपॉलिशचा तांदूळ खाऊन कोंबड्या उभ्या राहिल्या. त्या वाटेने पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला, आणि 1929 साली आयकमान यांना नोबेल मिळालं. तुझ्याकडे संध्याकाळी उरलेला पांढरा भात हेच कोंबड्यांचं मुख्य खाणं आहे, हे मला माहीत आहे. भात घाल, पण गिरणीतून ताजा कोंडा आण आणि रोज मूठभर त्यात कालव. शेंगदाण्याची पेंड देत असशील तर बुरशी बघून दे. दमट पेंडीतल्या बुरशीचं विष यकृत खातं. 1960 साली इंग्लंडात लाखाच्या वर टर्की पक्षी तसल्याच पेंडीने मेले, तेव्हा ते विष जगाला कळलं.

पायांचं आता. तो उजव्या पायाने लंगडतो म्हणालीस. आधी घोट्यापासून बोटांपर्यंत डोळे लावून बघ. नायलॉनचा धागा, माणसाचा लांब केस, पतंगाचा मांजा बोटांभोवती आवळून बसतो आणि पिसांत दिसत नाही. तळव्याला काळा खवला आणि सूज असेल तर गळू आहे. यातलं काही नसेल, आणि तो बसताना एक पाय पुढे, एक पाय मागे असा फाकून बसत असेल, तर मात्र मला काळजी वाटेल. तो मॅरेक्स असू शकतो. हंगेरीच्या योझेफ मॅरेक यांनी 1907 साली तो पहिल्यांदा लिहून ठेवला तो चार कोंबड्यांवरूनच, पाय-पंख लुळे पडलेल्या नरांवरून. दीड महिन्यापासून पाच-सहा महिन्यांपर्यंतच्या पक्ष्यांना तो जास्त गाठतो. त्याला औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशी हॅचरीत द्यायची असते. सायकलवरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या पिल्लाला ती मिळाली होती का, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

रोगाचं नाव ठरेपर्यंत शुश्रूषा थांबत नाही, आणि पुष्कळ पक्षी औषधापेक्षा शुश्रूषेनेच उठतात. पावसाच्या वाऱ्यापासून आडोशाला एक मोठी पाटी किंवा खोका घे, तळाला कोरडं तूस, वर गोणपाट. जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा बल्ब एका कोपऱ्यावर टांग, म्हणजे थंडी वाटली तर तो जवळ जाईल, उकडलं तर दूर होईल. कोंबड्याच्या अंगाचं तापमान मुळातच 41-42 अंश असतं. ती ऊब राखण्यातच आजारी पक्ष्याची शक्ती संपते. त्याला बाकीच्यांचा आवाज ऐकू येईल एवढा जवळ ठेव, पण शीट आणि पाणी एकमेकांत जाणार नाही एवढा लांब.

खाण्याआधी पाणी. कोमट पाण्यात थोडा गूळ, किंवा मेडिकलमधली ओआरएसची पुडी लिहिलंय त्याच्या दुप्पट पाण्यात पातळ करून. चोच पाण्यात बुडवून दाखव. नाही प्यायला तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब सोड आणि त्याने गिळलेलं बघ. तोंड उघडून पिचकारी मारू नको. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच उघडं असतं. पाणी प्यायला लागला की मऊ शिजवलेली कणी, कुस्करलेला पिवळा बलक, ओलसर कोंडा, थोडं थोडं करून दिवसातून चार-पाचदा. शिळं उरलेलं काढून टाक.

प्रतिजैविकाच्या गोळीबद्दल फोनवर तुला राग आला, ते कळलं मला. सासूबाईंनी दिली म्हणून मी तसं बोललो नाही. राणीखेत, देवी, मॅरेक्स हे विषाणूंचे रोग, त्यांच्यावर ती गोळी काहीच करत नाही. जंत आणि रक्ती हगवणीवरही नाही. जिथे खरंच लागते तिथे मात्रा वजनावर ठरते आणि दिवस पूर्ण करावे लागतात. अर्ध्या गोळीने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. शिवाय औषध चालू असताना आणि संपल्यावर किती दिवस मांस-अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारावं लागतं. तुझ्या घरात लहान मूल आहे. हळद जखमेवर लाव, त्यात काही वाईट नाही. पोटातल्या रोगाला तिच्यावर विसंबू नको.

दोन दिवसांत तो खायला लागला नाही, किंवा पाय फाकले, तर त्याला पाटीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात ने, नाहीतर 1962 ला फोन करून फिरत्या पथकाची चौकशी कर. जाताना रात्रीचा कागद शिटीसकट सोबत ने. मेलाच, तर कुजायच्या आत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून बर्फात ठेव आणि डॉक्टरांना शवविच्छेदन करायला सांग. गरज पडली तर ते नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतील. एका मेलेल्या पक्ष्याने बाकीच्या सात जणींचा रोग कळतो.

आणि बाय, हे कळकळीने सांगतो. आजारी आहे म्हणून त्याला आठवडे बाजारात विकायचं नाही. पडेल त्या भावात काढून टाक म्हणणारे घरातच असतील. तसं विकलेलं कोंबडं संध्याकाळपर्यंत पाच वाड्यांत रोग पोचवतं, आणि तिकडच्या बायांचीही अंडी-कोंबड्यांवरच मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय असते. कापून खायचाही नाही. मेला तर ओढ्यात टाकायचा नाही. तीन-चार फूट खोल खड्डा, वर चुना, त्यावर माती आणि दगड. हात साबणाने धू. राणीखेताच्या पक्ष्याला हात लावून डोळे चोळले तर माणसाचेही डोळे येतात. एकाएकी बरेच पक्षी मरायला लागले तर हात न लावता दवाखान्यात कळव. 2006 साली नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, ते आमच्या पशुसंवर्धन खात्यातला कुणी विसरलेला नाही. उपचार हरले आणि तो नुसता तडफडायला लागला तर डॉक्टरांना त्याला शांतपणे संपवायला सांग. लेकाला खरं सांग. त्याला कळतं.

शेवटचं काम लशीचं. बाकीच्या सात जणींना राणीखेताची लस कधी दिली, हे तुला आठवत नाही म्हणालीस. म्हणजे दिलेली नाही असंच धरू. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, आणि साधारण दोन महिन्यांची झाली की आर-टू-बी नावाची टोचणी. अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची येते, आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी कुणी ती फोडत नाही, आणि म्हणूनच वाड्यांमधल्या कोंबड्या लशीविना राहतात. तुमच्या बचत गटात विषय काढ. कुणाकडे किती आहेत त्याची यादी कर, देवीच्या लशीचंही त्याच वेळी विचार, दवाखान्यातून दिवस ठरवून घे. अंधार पडल्यावर कोंबड्या खुराड्यात असतात, तेव्हा घरोघर फिरलात तर दोन तासांत पूर्ण वाडी होते. कुपी आणायला बर्फ घातलेला थर्मास ने. उन्हात आणलेली लस टोचून उपयोग नाही. आजारी पक्ष्याला लस द्यायची नाही, म्हणून तलंगा त्या दिवशी सुटीवर. नवीन पक्षी आणलास तर तीन आठवडे वेगळा ठेवून मगच कळपात सोड.

उद्या सकाळी मला एवढंच कळव: छातीचं हाड कसं लागलं, थैली रिकामी होती का, कागदावर काय दिसलं, आणि तो बसताना पाय कसे ठेवतो. त्यावरून दवाखान्यात आधी काय विचारायचं ते ठरवू. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
मामा